तिसऱ्या दोरीवरचे फोटो

आम्ही गाव सोडलं तेव्हा पाणी जोत्याला लागलं होतं. नावेवरचा माणूस म्हणाला, "मावशी, एकच पिशवी. भांडी न्हाय, कागुद घ्या." मी रेशनकार्ड घेतलं आणि फोटोंची पिशवी घेतली. नावेत चढताना चष्मा पाण्यात पडला. पिशवीही भिजली.

शिरोळकडच्या चार गावांची माणसं एका शाळेत ठेवली होती. तिथं बायकांनी वर्गात दोऱ्या बांधून फोटो वाळत घातले. माझे खिडकीपासून तिसऱ्या दोरीवर होते. चौथ्या दिवशी मुलगा बाळू टेम्पो घेऊन आला. "आई, चल लवकर, गाडी रस्त्यात हाय." मी तिसऱ्या दोरीवरचे फोटो काढले आणि निघाले. पाऊस आत येतो म्हणून शाळेच्या बाईंनी सकाळीच दोऱ्या हलवल्या होत्या, हे मला नंतर कळलं. चष्म्याशिवाय मला फोटो काय आणि पत्त्यांची पानं काय, सारखीच.

तेव्हापासून शिवाजी पेठेत बाळूकडे आहे. नवा चष्मा यायला महिना लागला. तोवर पितरांचा पंधरवडा आला. बाळूनं पिशवीतला एक फोटो मोठा करून, काच घालून भिंतीवर लावला. मालक वारले तेव्हा तो पाळण्यात होता. बाप त्यानं फोटोतच पाहिला. जत्रेत काढलेला तो एकच फोटो, मागं राजवाड्याचा रंगीत पडदा.

म्हाळाच्या दिवशी पंगत बसली होती. मी नवा चष्मा लावून हार घालायला गेले. पाण्यानं तोंड पुसट झालेलं, पण पडदा तोच.

"बाळ्या, हा तुझा बाप न्हाय."

"आई, पडदा तोच हाय की! ल्हानपणापासनं बघतोय."

"पडदा बघितलास, माणूस बघितलास काय? ह्येच्या हातात घड्याळ हाय. तुझ्या बापानं कधी घड्याळ बांधलं न्हाय."

सून हातात खिरीचं पातेलं घेऊन तशीच उभी. धाकटे दीर जेवताजेवता म्हणाले, "वैनी, म्हाळाला आलेला पावणा हाय. जेवू द्या त्याला, उठवू नगा." सगळे हसले. मीही हार घातला. फुलं आणलेलीच होती.

हात धुताना बाळूनं विचारलं, "मग कसा दिसायचा त्यो?"

मी म्हटलं, उंच होता. कानावर केस होते. पुढं सांगायला गेले आणि मला नुसता पडदाच आठवायला लागला.

आता दुपारी मी ते फोटो काढून बसते. एकूण अकरा आहेत. एका बाईनं म्हशीच्या गळ्यात हात टाकलाय. म्हैस हसतेय, बाई नाही. एक नवरी नवऱ्यापासून वीतभर लांब उभी आहे. नव्या ट्रॅक्टरवर सात पोरं आणि चाकाला नारळ. एक म्हातारी डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावरचा काळा चष्मा लावून ऐटीत बसलीय. ह्यातलं मी कुणाला ओळखत नाही. हात कुठं ठेवायचे हे मात्र ह्यातल्या कुणालाच कळलेलं नाही, आमच्यासारखंच.

गावाकडं परत का जात नाही, असं गावची माणसं विचारतात. घराला भिंती दोनच उरल्यात. इथं पाणी चढत नाही, नळ दारात आहे, शेजारीण भांडखोर आहे पण औषध आणून देते. पत्ता विचारला तर मी आता पेठेचाच सांगते.

त्या शाळेत जे जे होता, त्या तुम्हा सगळ्यांना सांगते. म्हैस, नवरी, पोरं आणि म्हातारी माझ्याकडं नीट आहेत. घड्याळवाला भिंतीवर आहे, त्याला दर अमावास्येला फूल मिळतं. तुमचा असेल तर घेऊन जा. तुमच्याकडं त्याच पडद्यापुढं उभा, बिनघड्याळाचा कुणी असेल, तर येताना घेऊन या. तोंड पुसलेलं असलं तरी चालेल. पण थोडंफार उरलं असेल, तर आधी बाळूच्या हातात द्या. मी मागनं बघीन.