मिट्टी नावाचं गाव

पांढरकवड्याच्या डाकबंगल्यावरच्या खानसामा चाचांनी मला सांभाळलं. हे आधी लिहून टाकते, मग बाकीचं. नाहीतर सांगण्याच्या भरात गोष्टच पुढे जाते आणि माणूस मागे राहतो.

"मी त मेलेला मानूस हाय, बेटा," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. चहात साखर जास्त पडली की हेच. एखादा साहेब ओरडला की हेच. मेलेल्यावर कोण ओरडणार? एवढं म्हणून ते खांद्यावरचं फडकं झटकायचे आणि कामाला लागायचे.

ही थट्टा होती आणि नव्हतीही. एका मोठ्या लेखकाच्या कादंबरीत ते बुडून मेले होते. ती कादंबरी तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. नाव मी सांगत नाही, पण नदीकाठचा डाकबंगला आणि पुरात गेलेला म्हातारा खानसामा म्हटलं की ओळखाल. नागपूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या मोटारी बंगल्यावर थांबायच्या. त्यातून कधीतरी पुस्तक काखेत घेतलेलं एखादं जोडपं उतरायचं. चाचांना पाहून बाई म्हणायच्या, "अगंबाई! तुम्ही तर बुडाला होता!"

"हो ना बाईसाहेब. पर इकडं पाव्हन्यायले जेवाले कोन वाढन? म्हनून वापस आलो."

बाई हसायच्या. पुढचा प्रश्न ठरलेला. "आणि मिट्टी कुठंय? तुमच्या मुलीला जिथं दिली ते?"

तेव्हा चाचा हसत नसत. हातातली पळी नदीकडे करायचे. "ते काय. पल्याड."

"जाता येईल का बघायला?"

"आता नदीले पानी हाय."

मे महिन्यातही ते हेच म्हणायचे. खाली वाळू तापलेली असायची.

मी मूळची राजापूरकडची. पाचवीत असताना आई गेली, शाळा सुटली, पुढे लग्न झालं आणि इतक्या लांब येऊन पडले. यजमान रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचे. बंगल्यामागची एक खोली आम्हाला मिळाली होती. काम जसं पुढे सरके तसे तेही पुढे, आणि मग कितीतरी दिवस तिकडेच. छप्पन सालची दिवाळी नुकतीच उलटली होती. विदर्भ मुंबई राज्यात आला होता, म्हणजे कागदावर मी आणि ही माणसं एकाच राज्यातली. पण बोलणं निम्मं कळायचं नाही. रस्त्यावर ट्रक, मागे जंगल आणि नदीचं नाव खुनी. मला घाबरायला एवढं पुष्कळ होतं.

एक दिवस मागच्या पायरीवर बसून रडत होते. चाचा समोर येऊन उभे राहिले. "काहून रडून राह्यली, बेटा?"

मला वाटलं, कुठून आलीस असं विचारताहेत. मी डोळे पुसत म्हटलं, "राजापूरहून."

ते पोट धरून हसले. काहून म्हणजे का, हे मला तेव्हा कळलं. पुढे माझं नावच पडलं. "ए राजापूरहून, चहा घे." "ए राजापूरहून, पोट्टी, ऊन खाऊ नको."

त्या दिवशी त्यांनी जेवायला बोलावलं आणि मी बिचकले. त्यांच्या हातचं खाऊ की नको, हे माझ्या तोंडावर दिसलं असणार. त्यांनी पीठ, दाळ, तेल माझ्यापुढे ठेवलं, चुलीत लाकूड सारलं आणि बाहेर जाऊन बसले. "तूच कर. मी पाहत बी नाही." तीनचार दिवस मी असंच रांधून खाल्लं. मग मलाच माझी भाकर बेचव लागायला लागली आणि मी त्यांच्या ताटाशी जाऊन बसले.

लेखकानं पाठवलेली प्रत त्यांनी फडक्यात बांधून मिठाच्या बरणीशेजारी ठेवली होती. मराठी अक्षर त्यांना येत नव्हतं. आल्यागेल्याकडून ऐकून आपण त्यात बुडतो एवढं त्यांना ठाऊक होतं.

"तुले वाचता येते?"

"पाचवीपर्यंतचं."

"मंग बहुत झालं. वाच."

दुपारची भांडी झाली की मी वाचायची आणि ते कांदे सोलायचे किंवा तांदूळ निवडायचे. जोडाक्षर आलं की माझी गाडी अडायची. चाचा म्हणायचे, "हळूच वाच. आपली कोनती मोटार सुटून राह्यली?" एकदा म्हणाले, "वाचत राह्य. वाचता वाचता दिवस जाते." मी लाजून खोलीत पळाले. मला खरंच दिवस गेले होते, आणि यांना कसं कळलं ते समजेना. त्यांना बिचाऱ्यांना माहीतही नव्हतं. त्यांच्या बोलीत तेवढा दुपारचाच वेळ जात होता.

लेखक शिकारीला म्हणून मित्रांबरोबर आले होते. हिवतापानं आडवे झाले, मित्र निघून गेले आणि हे अख्खा हिवाळा बंगल्यात राहिले. तिथेच व्हरांड्यात बसून त्यांनी ती कादंबरी लिहिली. "लेहत कमी, इचारत जादा," चाचा सांगायचे. कुठल्या पानाच्या वेळी काय शिजलं होतं ते त्यांना आठवायचं. चांदण्याचं एक फार सुंदर वर्णन आहे, ते मी अडखळत वाचलं, तर म्हणाले, "तवा साहेबाचं पोट बिघडलं होतं. नुस्ती खिचडी चालू होती." आणि पुराचं प्रकरण? "मले बुडवलं त्या दिवशी मुर्गी होती. दोनदा मागून खाल्ली." पुस्तकामागे लेखकाचं केवढं चिंतन असतं असं लोक म्हणतात. चाचांच्या लेखी त्यामागे चूल होती.

त्यांची मुलगी पल्याड दिली आहे हे मोटारीतल्या बायकांकडून मीही ऐकलं होतं. मी एकदा विचारलं, "चाचा, ती माहेरी येत नाही का कधी?"

ते दाळीत पळी फिरवत राहिले. "येते ना. कधीमधी."

मला बरं वाटलं होतं. त्या मुलखात आपल्या वयाची कोणी असेल, कधी भेटेल, म्हणून मी पल्याड कान देऊन बसायची. दुपारी सगळं निजलं की तिकडून धुणं आपटल्याचा आवाज यायचा. थप, मग थांबायचा, मग पुन्हा थप. एवढंच की पल्याड धूर दिसायचा नाही, दिवा दिसायचा नाही, कुत्रं भुंकायचं नाही.

मग ते पान आलं. म्हाताऱ्या खानसाम्याची एकुलती लेक नदीपलीकडे मिट्टी या गावी दिली होती, असं त्यात लिहिलेलं. मी वाचलं आणि पाहिलं, तर चाचांच्या हातातली सुरी थांबली होती.

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं.

"गाव लेहलं हाय? मिट्टी म्हनून गाव?"

"हो चाचा. नाहीये का गाव?"

त्यांनी कांदे बाजूला सारले. मग सांगितलं. लेखकानं एकदा विचारलं होतं, मुलगी कुठे असते? "मी बोल्लो, तिले पल्याड मिट्टी देली. मिट्टी देली म्हंजे... तुमच्यात काय म्हनते? माती. गाडली, बेटा. लहान होती. ताप आला अन् दोन दिसात गेली." लेखक म्हणाले, अरे वा, जवळच दिली म्हणजे! चाचा म्हणाले, हो, जवळच, इथून दिसते. लेखकानं विचारलं, सुखात आहे ना? चाचा म्हणाले, आता तिले कायचं दुख.

त्यांच्या बोलीतला कुठला प्रत्यय कुठे लागतो, कुठला गळतो, हे आम्हा परक्यांना कळत नसे. पुण्याच्या त्या मोठ्या माणसालाही कळलं नाही. त्यांनी तिचं लग्न लावून टाकलं.

"ते बायामानसं येऊन मिट्टी इचारे," चाचा म्हणाले, "मले वाटे, कबर पाहाचं म्हनून राह्यले. अनोळखी लोकायले कायले दाखवू?" मग एकदम माझ्याकडे वळले. "म्हंजे, पुस्तकात ते जित्ती हाय?"

"हो. तिला मुलगा झालाय."

"मुलगा?" सुरी खाली ठेवली. "नाव काय ठेवलं?"

"पुढे असेल."

"पाह्य ना मंग!"

त्यानंतर आम्ही बाकी पुस्तक वाचलंच नाही म्हणा. रोज मिट्टीचीच पानं. ती पहाटे पाणी भरते, गाईला चारा घालते, सासूशी भांडते. चाचा ऐकून म्हणायचे, "सास बराबर नाही तिची. मी अशा घरी देलीच नसती." कधी म्हणायचे, "लय बोलते वं ते. मायवर गेली." तिची आई बाळंतपणातच गेली होती. एकदा पिकलेली बोरं धुऊन पानात बांधलेली दिसली. कोणासाठी म्हणून मी विचारलं नाही. दुपारी पल्याडून थप आवाज आला की ते मान वर करायचे, आणि मीही. आमच्याच काठावरच्या धोब्याचा आवाज समोरच्या दरडीवर आपटून येत असेल, असं यजमान म्हणायचे. असेलही.

दोनेक वर्षांनी, उन्हाळ्यात, लेखक स्वतः आले. उंच, चष्म्याचा, मऊ बोलणारा माणूस. चाचांना त्यांनी मिठीच मारली. चहा मीच नेऊन दिला. माझी मुलगी कडेवर होती.

"चाचा, एक अडचण आहे," ते म्हणाले. "वाचक पत्रं पाठवतात, मिट्टी नकाशात सापडत नाही. आता नवी आवृत्ती निघतेय. म्हटलं, जाऊन डोळ्यांनी बघावं आणि चूक असेल तर सुधारावी. चला, घेऊन चला मला."

चाचा नदीकडे पाहून म्हणाले, "आता नदीले—" आणि थांबले. वाळूत शेळ्या चरत होत्या.

आम्ही तिघे वाळू तुडवत पलीकडे गेलो. दरड चढून वर एक कडुनिंब आणि खाली मातीचे काही उंचवटे. एक अगदी लहान, भोवती नदीतले गोटे लावलेला. लेखक इकडेतिकडे पाहत म्हणाले, "गाव कुठंय?"

"हेच," चाचा म्हणाले. आणि मिट्टी देणं म्हणजे काय ते सांगितलं.

लेखकानं आधी पायातले बूट काढले, मग चष्मा काढला. म्हणाले, "माझ्या हातून फार वाईट झालं. मी दुरुस्त करीन. नव्या आवृत्तीत खरं काय ते लिहीन."

"नको साहेब."

"पण हे खोटं आहे, चाचा."

"मी तुमच्या पुस्तकात बुडून मेलो," चाचा म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच एकदा ऐकला. "मी तक्रार केली? लोकं माह्या तोंडावर इचारते, तुम्ही कसे मेले म्हनून. मी हासतो. मले मारलं, चालते. तिले कायले मारता? एकदा म्या मिट्टी देली. आता तुमी कायले देता?"

लेखकानं बूट उचलले. निघताना एवढंच म्हणाले, "बघतो."

मोटार गेल्यावर चाचांनी मला विचारलं, "'बघतो' म्हंजे काय होते तुमच्यात?"

मी म्हटलं, "कधी हो असतं, कधी नाही."

तिथून पुढे त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. मोटार थांबली की आधी पाहुण्याच्या काखेत पुस्तक आहे का ते पाहायचे. असलं तर हात पुसून मागून घ्यायचे आणि माझ्याकडे आणायचे. "मिट्टीचं पान पाह्य. हाय ना ते?" मी पाहायची. "आहे, चाचा. जुनंच पुस्तक आहे." ते पुस्तक परत देऊन यायचे. थोडे दिवस निभायचे. एका दुपारी भांडी घासता घासता म्हणाले, "आज धुनं नाही आपटलं तिनं." खरंच, त्या दुपारी काहीच ऐकू आलं नव्हतं. मी मुलीला घट्ट धरून बसले.

पुढे काम पैनगंगेकडे सरकलं आणि आम्हाला खोली सोडावी लागली. चाचांनी भाकरी, चटणी, भाजलेले शेंगदाणे बांधून दिले. "चाल, राजापूरहून. नवं पुस्तक दिसलं त मले कळव," म्हणाले. मुलीच्या डोक्यावर हात ठेवला तो काढेनात.

नवं पुस्तक मला दिसलं, पण उशिरा. त्याआधी एका ट्रकवाल्यानं बातमी आणली. श्रावणात चाचा गेले. खुनीला पूर होता. पल्याड नेणं जमलं नाही. लोकांनी बंगल्यामागे, अल्याडच मिट्टी दिली.

ते ऐकल्यावर त्या नदीची भीती मला पुन्हा नव्यानं वाटली. अजून वाटते. स्वप्नात दोन काठ दिसतात, मधे गढूळ पाणी, आणि कोणीतरी थप थप धुणं आपटतं.

मी पुढे बालवाडीत नोकरीला लागले, ती त्या दुपारच्या वाचनावर. तिथल्या गावच्या वाचनालयात एक दिवस कादंबरीची नवी आवृत्ती दिसली. उभ्या उभ्या मिट्टीचं पान काढलं. ती होती. पहाटे पाणी भरत होती, सासूशी भांडत होती. एक अक्षर हललं नव्हतं. मग सुरुवातीची चार ओळींची प्रस्तावना पाहिली. आधीच्या पुस्तकात ती नव्हती. लेखकानं लिहिलं होतं: मिट्टी नावाचे गाव नकाशावर नाही, असे काही वाचक कळवतात. मी तिथे जाऊन आलो आहे.

चाचांना हे कळलं नाही. 'बघतो' म्हणजे हो होतं, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. ते मीच सांगायला हवं. अजून जाणं झालेलं नाही. संसार, नोकरी, मुलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडी भीतीही. पण मी जाणार आहे. बंगल्यामागे त्यांच्या उशाशी उभी राहीन आणि ते वाक्य वाचीन. पल्याडही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाचीन. एवढं फेडल्याशिवाय मी राहायची नाही, चाचा.