मैदानावर झोपलेला मुलगा

वसंता गेल्याचा फोन त्याच्या बायकोनं केला तेव्हा मी पंचायत समितीत बैठकीत होतो. "भाऊजी, तुमचे मित्र सकाळीच गेले," एवढंच ती बोलली. मी व्हरांड्यात येऊन कठडा धरून उभा राहिलो. त्याला आता दीड महिना झाला. रडू आलं, पण त्यात दुःखाइतकीच लाज होती, हे आज कबूल करतो.

डी.एड.ला आम्ही एका खोलीत राहायचो. माझं इंग्रजी कच्चं. काड्यापेटीतल्या काड्या सतरंजीवर मांडून, त्यांची अदलाबदल करून वसंता मला वाक्यं समजवायचा. पास झालो तो त्याच्यामुळेच. पुढे तो राळेगावकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत इंग्रजी शिकवू लागला आणि मी केंद्रप्रमुख झालो, म्हणजे शाळांना भेटी देऊन शेरेबुकात शेरे लिहिणारा.

शाळेत त्यानं काड्यांऐवजी पोरंच घेतली. मैदानावर एक पोरगी कर्ता, एक पोरगा क्रियापद, एक कर्म. सुनीता पिक्स कॉटन. कर्मणी प्रयोग करायचा म्हटलं की कर्ता आणि कर्म पळत जागा बदलायचे. इज, आर, वॉज, वेअर ही साहाय्यकारी मंडळी निंबाखाली थांबलेली असायची. त्यांतला एक धावत येऊन क्रियापदाशेजारी उभा राहायचा. चुकीचा आला की बाकीचे आरडाओरडा करून त्याला हाकलून द्यायचे.

हे सगळं मला नंतर कळलं. त्याच्या शाळेला भेट द्यायला गेलो त्या दुपारी फाटकातून फक्त पळणारी पोरं दिसली, आणि मध्ये मातीत आडवा पडलेला एक मुलगा. मी जवळ गेलोच नाही. सरळ ऑफिसात जाऊन लिहिलं, 'इंग्रजीच्या तासाला वर्ग मैदानावर मोकळा. एक विद्यार्थी झोपलेला आढळला.' मित्राला सांभाळून घेतो असं कोणी म्हणू नये, याचीच मला काळजी होती.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "अबे, थो पोट्टा झोपला नोता. थो 'स्लीप' होता."

"म्हणजे?"

"स्लीपले कर्म असते का? जागा कोणासंगं बदलवन? मी इचारलं, आता याचं काय करता? थो म्हणे, सर, मी पडूनच राह्यतो. अन् पडला ना बे." तो हसत होता. मीही हसलो. "मंग खोड ना थो शेरा."

"पुढच्या भेटीत पाहू," मी म्हणालो. शेरा तोवर माझ्या अहवालातून वरच्या साहेबांकडे गेला होता, आणि तपासणी कडक केली म्हणून ते खूश होते...

पुढच्या भेटीत पोरं खोलीत बसून फळ्यावरची वाक्यं उतरवत होती. वसंतानं चहा मागवला, माझ्या आईची तब्येत विचारली. शेऱ्याचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही, आणि मी तर नाहीच. शेवटपर्यंत, नऊ वर्षं, तो इंग्रजी खोलीतच शिकवत राहिला.

मागच्या आठवड्यात त्या शाळेत जाऊन मी जुनं शेरेबुक मागितलं. माझ्या शेऱ्याखाली त्याचं सुबक अक्षर होतं: 'सूचनेप्रमाणे वर्ग खोलीत घेण्यात येत आहे.' मी पेन काढला. नव्या मुख्याध्यापिका संकोचून म्हणाल्या, "सर, जुन्या पानावर आता काही लिहिता नाही येत." त्यांचं बरोबरच होतं.

म्हणून तो शेरा इथं लिहितो. इंग्रजीचा तास मैदानावर चालू होता. मातीत पडलेल्या मुलाला उत्तर येत होतं. मी जवळ गेलो नाही.