धोंडबा उस्तादाचा सगळ्यात चांगला विद्यार्थी

नागपुरात सदरमधल्या एका बंदुकीच्या दुकानाचे मालक दादाजी. परवाना त्यांच्या नावाचा, गादी त्यांची, नफाही त्यांचाच. पण रिवॉल्वर कुठून उघडतं हे काही दादाजींना शेवटपर्यंत नीट समजलं नाही. ते काम धोंडबा मेश्रामचं. पलटणीत बारा वर्षं हत्यारं दुरुस्त करून आलेला माणूस. दुकानात लागला त्याला एकोणीस वर्षं झाली होती. आणि या एकोणीस वर्षांत त्यानं शिकवलेल्या एकाही माणसानं चुकून कोणाचं थेंबभर रक्त सांडलं नव्हतं. हे तो बोलून दाखवत नसे, पण रोज संध्याकाळी दुकानाचं शटर ओढताना त्याला ते आठवायचं, आणि त्याच्यासारख्या माणसाला मिरवायला तेवढंच होतं.

गिऱ्हाइकं कशी यायची म्हणता? दागिना घ्यायला आल्यासारखी. डॉक्टर, ठेकेदार, जंगलाचे लिलाव घेणारे. जास्त चमकतं ते दाखवा म्हणायचे. हातात आलं रे आलं की दादाजींच्या पोटावर रोखून एक डोळा मिटायचे. धोंडबा तिथंच हत्यार काढून घ्यायचा आणि म्हणायचा, आज नाही, उद्या या. दादाजी आतल्या आत चरफडायचे. पण उद्या गिऱ्हाईक यायचंच, कारण परवाना हातात असलेला माणूस जाणार कुठं?

मनोहरराव पराते आले ते चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात. उमरेडच्या मागांवरची लुगडी घेऊन नागपुरात विकायची, हा त्यांचा धंदा. एकदा उमरेड रोडवर संध्याकाळी मोटार अडवून चौघांनी त्यांना बदडलं, घड्याळ नेलं, वर पुढचे दोन दात पाडले. परवान्यासाठी दीड वर्ष चकरा मारल्या तेव्हा कुठं तो मिळाला. आणि एवढं करून माणूस दुकानात आला तो घामानं डबडबलेला. म्हणाले, मले ते कपाटात ठेवाले पायजे, चालवाले नको. दादाजी हसले. धोंडबा हसला नाही. त्याला वाटलं, भिते ना, मग हा शिकेल.

त्यानं त्यांच्यापुढं दोन हत्यारं ठेवली. एक विलायती पिस्तूल, आरशासारखं. दुसरं जुनं इंग्लिश रिवॉल्वर, बत्तीस बोरचं, मुठीवरचा रंग उडालेला. एकेक हातात देऊन म्हणाला, डोळे मिटा, हात समोर धरा, आता डोळे उघडा. पिस्तूल खाली झुकलेलं होतं. रिवॉल्वर मात्र जिथं पाहायचं तिथंच पाहत होतं. मग त्यानं समजावलं की पिस्तुलाची मॅगझिन काढून टाकली तरी एक गोळी नळीत दडून बसलेली असते, नवख्याला ती दिसत नाही, आणि जगात जेवढी माणसं रिकाम्या बंदुकीनं मेली तेवढी भरलेलीनं मेली नसतील. त्यानं रिवॉल्वरचा घोड्याजवळचा खटका अंगठ्यानं दाबला. नळी खाली लवली, चक्री उघडी पडली, सहा गोल घरं.

"हे पाहा. मोडलं की पोट उघडं. हे खोटं बोलत नाही."

मनोहररावांनी तेच घेतलं.

पुढचे तीन आठवडे धोंडबानं त्यांना एक काडतूस दिलं नाही. नुसतं रिकामं हत्यार. नळीवर दहा पैशांचं नाणं ठेवायचा आणि चाप दाबायला लावायचा. नाणं पडलं की पुन्हा. बोट चापाच्या बाहेर, नळी वाळूच्या ढिगाकडे, बोलायचं असेल तर आधी हत्यार खाली. आणि सगळ्यांत मोठा नियम एकच: हत्यार हातात आलं की आधी उघडायचं, सहा घरं बोटानं मोजायची, मग पुढचं. कोणी का देईना, दारोगा देवो नाहीतर सख्खा भाऊ देवो. एकदा मनोहररावांनी गमतीनं विचारलं, आन् तुमी देलं तर? धोंडबा म्हणाला, मी देलं तर दोनदा.

काय सांगावं, या लुगड्यांच्या व्यापाऱ्यानं ते असं उचललं की पलटणीतल्या पोरांनी उचललं नव्हतं. महिन्याभरात अशी गत झाली की रिवॉल्वर हातात पडायचा अवकाश, अंगठा आपोआप खटक्यावर. मनोहरराव दुसऱ्याशी बोलत असायचे, पाहत दुसरीकडे असायचे, आणि हात आपलं काम करत असायचा. चांदमारीला नेलं तर पंधरा पावलांवरून सहापैकी पाच ताटलीएवढ्या गोलात. त्यांचा घाम थांबला तो थांबलाच. ते धोंडबाला उस्ताद म्हणू लागले, चारचौघांत, मोठ्यानं. धोंडबाला आयुष्यात आजवर चारचौघांत कोणी असं काही म्हटलं नव्हतं. बायकोला, रंभाबाईला, त्यानं घरी जाऊन सांगितलं, आणि सांगताना त्याचे डोळे भरून आले. ती म्हणाली, एवढं काय त्यात? पण दुसऱ्या दिवशी इंदोऱ्यातल्या सगळ्या आळीला तिनंच ते सांगितलं.

चांदमारी चालायची ती गावाबाहेरच्या एका रायफल क्लबात. धोंडबा तिथं गिऱ्हाइकांच्या पेट्या उचलायला जायचा. शिकवायचा तोच, पण उभा राहायचा दोरीच्या बाहेर, कारण दोरीच्या आत फक्त मेंबर आणि क्लबाचा प्रशिक्षक. शहात्तर साली तो म्हातारा प्रशिक्षक वारला आणि जागा रिकामी झाली. पगार बरा होता, पण पगाराचं सोडा. दोरीच्या आत उभं राहायचं आणि दारावरच्या पाटीवर नाव लागायचं. तोवर क्लबाच्या छपराला पत्रे देऊन मनोहरराव मेंबर झाले होते. ते म्हणाले, दसऱ्यानंतर मीटिंग आहे उस्ताद, तुमचं नाव मीच मांडतो. अध्यक्ष मधुकररावांच्या कानावर त्यांनी घातलंही होतं. मधुकरराव नाही म्हणाले नव्हते. एवढ्यावर धोंडबा दोन महिने हवेत होता. त्यानं आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट होती, आणि तीही त्यानं तोंडानं मागितली नव्हती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मनोहरराव रिवॉल्वर साफ करून घ्यायला आले, घरी शस्त्रपूजा. धोंडबानं तेल-पाणी केलं, उघडून दाखवलं, मिटवून त्यांच्या हातात दिलं. मनोहररावांनी ते तिथल्या तिथं पुन्हा उघडलं, सहा घरं बोटानं मोजली. दोघेही हसले. धोंडबानं बजावलं की पूजेला रिकामंच मांडा, हार घालू नका, फूल बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी तो पांढरे कपडे घालून बायकोपोरांसह दीक्षाभूमीवर गेला. त्याच्या दसऱ्यात हत्याराला जागा नव्हती.

मनोहररावांच्या आई बायजाबाई, पंच्याहत्तरीच्या. पाटावर तलवार, कात्री, मागाचा धोटा आणि रिवॉल्वर मांडलेलं पाहून त्यांनी विचारलं, भरलं आहे ना? मनोहरराव म्हणाले, रिकामं आहे. म्हातारी भडकली. रिकाम्या हातानं ओटी भरतात का? रिकामा कलश मांडतात का? मग रिकामं शस्त्र देवापुढं मांडून घरात दळिद्र आणतं का तू? मनोहररावांनी एकदा नाही म्हटलं, दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हातारीनं हातातलं निरांजन खाली ठेवलं आणि पूजा करणार नाही म्हणाली. झालं. पाच मिनिटांचं तर काम, म्हणून त्यांनी सहाच्या सहा काडतुसं भरली. म्हातारीनं कुंकू लावलं, झेंडूचा हार गुंडाळून घातला, आरती झाली, आणि तेवढ्यात सोनं द्यायला माणसं यायला लागली. व्याही आले, दुकानचे गुमास्ते आले, अर्धं उमरेड आलं. रात्री मनोहरराव दमून झोपले ते झोपलेच.

सकाळी त्यांची बायको शामला पूजा आवरायला बसली. घरात ते नेहमी रिकामं असतं, लोखंड आहे निव्वळ, हे नवऱ्यानं तिला शंभरदा सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं, एक दिवस सोडून. हाराचा दोरा चापात अडकला होता. तिनं डाव्या हातानं नळी धरली आणि उजव्यानं हार ओढला. डाव्या हाताची दोन बोटं गेली. जीव वाचला, एवढंच.

पोलीस यायच्या आत मनोहररावांनी उरलेली पाच काडतुसं काढून ठेवली होती. पोलिसांनी विचारलं, काडतूस आलं कुठून? आता खरं सांगायचं तर परवाना जाणार, आणि खटला झाला तर म्हातारीची साक्ष निघणार. मनोहररावांनी जबाब दिला की दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुकानातून साफ करून आणलं, मिस्त्रीनंच काडतूस ठेवलं असेल, आपण विश्वासानं घेतलं, उघडून पाहिलं नाही.

हे धोंडबाला दादाजींनी सांगितलं तेव्हा आधी त्याला खरंच वाटेना. तो म्हणाला, माझ्यासमोर मोजले त्यायनं, सहाही. दादाजी म्हणाले, तू म्हणतोस, ते तर नाही म्हणतात. आणि एकोणीस वर्षं ज्याच्या जिवावर गल्ला भरला, त्या माणसाला त्यांनी सांगितलं की प्रकरण निवळेपर्यंत दुकानात येऊ नकोस.

चार दिवसांनी मनोहरराव स्वतः इंदोऱ्यात आले. खाटेवर बसले, रंभाबाईनं दिलेलं पाणी प्यायले. दारोगा समजदार आहे, अपघात म्हणून कागद बंद होऊन राहिला, तुम्हाला काही होणार नाही, असं सांगितलं. मग मान खाली घालून म्हणाले, "आईले कोर्टात उभं करू का मी या वयात? तुमीच सांगा. तुमचं काय जाते उस्ताद? चूक कोणाच्याही हातून होते."

तुमचं काय जाते! घ्या. ज्याच्याकडे एकच गोष्ट होती त्यालाच विचारतो हा माणूस. रंभाबाईनं पेला उचलून आत नेला आणि पुन्हा बाहेर आली नाही.

आता गंमत पाहा, गंमत म्हणायची तर. धोंडबा निर्दोष ठरायला लोकांनी काय मानायला हवं होतं? की मनोहरराव फार काळजीचा माणूस, हत्यार उघडल्याशिवाय हातात ठेवत नाही. आणि इथं मनोहरराव स्वतःच जबाबात सांगत होते की मी हलगर्जी आहे. माणूस स्वतःला नावं ठेवतो तेव्हा लोक पटकन विश्वास ठेवतात. वर क्लबात कोणीतरी म्हणालंच, शेवटी कसं असतं, पेट्या उचलणाऱ्यानं पेट्याच उचलाव्या.

मीटिंगचा दिवस आला. धोंडबाचं नाव कागदावर होतं, ते खोडायचंच बाकी होतं. त्यानं मधुकररावांकडे निरोप धाडला, मले पाच मिनिटं द्या. मधुकरराव न्यायाचा माणूस म्हणवून घेत, त्यांनी बोलावलं. धोंडबा पहिल्यांदा दोरीच्या आत आला. टेबलाभोवती सहा जण, त्यात मनोहरराव. धोंडबा म्हणाला, मी बोलत नाही काही. क्लबाचं जुनं रिवॉल्वर आहे ना कपाटात, तसंच मोडतं, ते यांच्या हातात द्या फक्त. पोहणाऱ्याला विहिरीत ढकललं तर तो तोंडानं काहीही म्हणो, हात मारल्याशिवाय राहत नाही. यायले पाहा, हे उघडतात का नाही. उघडलं तर समजा, माझ्या हातूनही यायनं उघडल्याशिवाय घेतलं नसन.

मधुकररावांना ते पटलं. त्यांनी रिवॉल्वर काढून आणलं आणि मनोहररावांसमोर धरलं.

मनोहररावांनी ते घेतलं. अंगठा वर गेला. खटक्यावर टेकला, आणि तिथं थांबला. धोंडबा त्या अंगठ्याकडेच पाहत होता. मग अंगठा खाली आला. मनोहररावांनी मूठ सैल धरली, बोट चापात घातलं आणि नळी कशीतरी फिरवत मधुकररावांच्या छातीकडे नेली. मधुकरराव खुर्चीसकट मागे सरले. दोघं जण उठून उभे राहिले. सगळ्यांनी पाहिलं की या माणसाला हत्यार धरायचीही अक्कल नाही. अंगठा धोंडबाखेरीज कोणीच पाहिला नव्हता. धोंडबानं मनोहररावांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर पहिल्या दिवसासारखाच घाम होता, आणि ते टेबलाकडे पाहत होते.

धोंडबा पुढं झाला. त्यानं नळी जमिनीकडे वळवून ते हत्यार त्यांच्या हातातून सोडवलं, उघडलं, सहा घरं बोटानं मोजली, उघडंच टेबलावर ठेवलं. मधुकरराव जरा चिडूनच म्हणाले, पाहिलंस ना, धोंडबा? आता बोल.

"बरोबर आहे, साहेब," धोंडबा म्हणाला. "यायले मी काहीच शिकवलं नाही."

जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. दादाजींनी महिन्याभरानं बोलावलं होतं, तो गेला नाही. इंदोऱ्यात सायकली दुरुस्त करू लागला. मनोहररावांचा परवाना कायम राहिला, आणि पुढच्या वर्षी क्लबाच्या कमिटीत ते बिनविरोध निवडून आले.