दाजींचा टीव्ही दमतो

टीव्हीला बी ताप येतो, हे साऱ्या जगात फकस्त आमच्या दाजींना कळलं. दाजी म्हंजी माझ्या धाकल्या बहिनीचे, सुभद्राचे मालक. घोडेगावच्या बाजारात बैलांची दलाली करन्यात त्यांची हयात गेली. बैलाचा दात बघून आन चार पावलं चालवून त्याचं मागलं-म्होरलं सारं सांगायचे. माझं कुकू गेल्यावर मी त्यांच्या शेजारच्याच खोलीत ऱ्हायला आले, म्हनून हे सांगते ते समदं डोळ्यानं बघितलेलं हाय.

सुभद्राच्या डाव्या अंगावरनं वारं गेलं, त्या साली टीव्ही आला. बाई दिसभर खाटंवर. मला सकाळी खुरपायला जावं लागायचं, दाजी बाजारात, आन ती पत्र्याकडं बघत पडायची. बोलायची न्हाई, रडायची बी न्हाई. दाजी म्हनले, घरात बोलनारं कायतरी पायजे. मग मला संगं घिऊन नगरला गेले. दुकानात टीव्हीच्या भवती दोन येढे मारले, पाठीवर थाप मारली, मागल्या जाळीतनं आत वाकून बघितलं आन दुकानदाराला इचारलं, "मारका न्हाई ना? घरात बाईमानूस जागंवर पडलेलं हाय." करंट मारतो का, आसं त्यांना म्हनायचं हुतं. मग बाजारातल्या सवयीनं उपरनं पुढं केलं आन त्याच्याखाली हात घातला. बैलाचा सौदा आसाच हुतो, कापडाखाली बोटं धरून, दुसऱ्याला भाव कळू न देता. दुकानदार बिचारा घाबरला. त्याला वाटलं, ह्यांना चक्कर आली. त्यानं दाजींचा हात धरला आन पोराकरवी पानी मागवलं.

टीव्ही घरी आला तवापासनं दाजींच्या जिवाला घोर लागला. अर्धा घंटा झाला का उठायचे, टीव्हीच्या पाठीवर हात ठिवायचे आन बंद करायचे. औताचा बैल बी इसाव्याला सोडावा लागतो, म्हनायचे. ऐतवारी पिक्चर बघायला साऱ्या गल्लीतल्या बाया जमायच्या, आन हिरोइनीचं लगीन लागायच्या टायमाला दाजी वायर उपटायचे. शेजारची हसीनाभाभी एकदा म्हनली, "दाजी, आता त्याला पेंड घाला, उद्या परत जुपायचाय." सुभद्रा खाटंवर हासली. वारं गेल्यापासनं ती पयल्यांदा हासली, म्हनून दाजी भाभीला काय बोलले न्हाईत.

जो भेटंल त्याला त्यांचं इचारनं सुरू. आवाज मोठा केला तर लाईट जादा खातो का? किती लांबनं बघितला म्हंजी डोळे जात न्हाईत? ढग गडगडले तर वायर काढावी का अँटेना? बटन बंद हाय, पन वायर भिंतीत हाय, तर त्यो झोपला का जागा हाय? शाळेच्या मास्तरला इचारलं, एष्टीच्या कंडक्टरला इचारलं, मयतीला गेल्ते तर तिथं बी खांदा दिऊन आल्यावर येका वायरमनला बाजूला घेतलं. प्रत्येक जन येगळं सांगायचा आन दाजींची झोप उडायची.

उन्हाळ्यात त्यांनी घात केला. पाठ लई तापली म्हनून गोनपाट पान्यात भिजवलं, पिळलं आन टीव्हीच्या पाठीवर टाकलं. बैलाला झळ लागली का आमच्याकडं तसंच करत्यात. टीव्ही फाटकन आवाज करून गप झाला. तिसगावच्या मेकॅनिकनं त्यो खोलून वाळवंपतुर बरेच दिवस गेले. त्या दिवसांत सुभद्रानं भिंतीकडं त्वांड केलं. भाकर कुस्करून दुधात दिली तरी दोन घासांवर थांबायची. मी तिचं आंग पुसायची, तवा ती काळ्या काचंकडं बघायची. दाजी वट्ट्यावर बसून ऱ्हायचे, आत यायला धजायचे न्हाईत. टीव्ही परत लागला तवा ती उठून टेकून बसली. मला तवाच कळलं, ह्यांचा जीव त्या खोक्यात न्हाई अडकला. खोकं गेलं तर बाई जाईल, ह्याचं भ्या हुतं ते.

त्याच साली दिवाळीला त्यांची ल्येक लता पुन्याहून आली आन तिनं टीव्हीला लावायचा गेम आनला. दाजींनी दारातच अडवलं. गेम लावला का टीव्हीची ट्यूब जाती, हे गावात ज्याच्या त्याच्या तोंडी हुतं. पन लता म्हनली, डाक्टर तिला बोटं हालवायला सांगून थकले. मेलेल्या हाताला काय खेळवायचं, आसं सुभद्रा म्हनायची. लतानं गेमचं बटनाचं खोकं तिच्या मांडीवर ठिवलं. पडद्यावर वरच्या अंगाला विटांची भिंत, खाली येक फळी. फळी सरकवायची आन चेंडू मारून विटा फोडायच्या. फळी सरकवायचं बटन डाव्या अंगठ्याशी हुतं. सुभद्रा लई येळ नुसती बघत ऱ्हायली. मग अंगठा हालला. फळी इतभर सरकली.

दाजी दुसऱ्या दिशीच नगरला गेले, त्याच दुकानात. सांजच्याला आले ते त्वांड उतरवून. दुकानदार म्हनला हुता, गेम खेळल्यानं काय हुत न्हाई, पन येकच चित्र लई येळ थांबून ऱ्हायलं तर त्याची सावली काचंवर बसती, मग ती निघत न्हाई, आन ट्यूब बदलायची म्हंजी नवा टीव्ही घेतल्यावानी.

आन सुभद्राचं नेमकं तेच. दुपारी खेळता खेळता दमायची, थांबायचं बटन दाबायची आन तसाच डोळा लागायचा. भिंत पडद्यावर जागच्या जागी उभी. बंद केलं तर फोडलेल्या विटा परत येनार आन पयल्यापासनं डाव सुरू. पयल्या दुपारी दाजी उठले, बटनापतुर हात नेला आन तिच्या हाताकडं बघितलं. अंगठा बटनावर तसाच हुता, वाकलेला. वरीसभर जो हात लाकडावानी पडलेला, त्यो हात. मी चुलीपाशी हुते. त्यांनी हात मागं घेतला आन माझ्याकडं न बघता म्हनले, "आक्का, ऱ्हाऊ दे. उठल्यावर तिला तिथूनच खेळू दे."

तवापासनं ज्यो मानूस अर्ध्या घंट्याला वायर उपटायचा, त्यो सारी दुपार तापलेल्या टीव्हीशेजारी पुठ्ठ्यानं वारा घालत बसायचा. घाम त्याला यायचा, टीव्हीला न्हाई. सुभद्रा जागी झाली का म्हनायची, "आवो, मला वारा घाला की, त्याला काय घालता?" दाजी म्हनायचे, "तुला म्हागून घालतो. आधी ह्याला, ह्यो कामावर हाय."

व्हायचं ते झालं. बातम्या सांगनाऱ्या बाईच्या कपाळावर विटांची सावली दिसाया लागली. लोक हासले. दाजींनी कुनाला काय इचारलं न्हाई, सारं इचारनंच बंद झालं त्यांचं. सुभद्रा डाव्या हातानं पेला धराया लागली, माझी येनी घातली येकदा, वाकडी-तिकडी. मी ती दोन दिस सोडली न्हाई. मग पुढच्या थंडीत परत अंगावरनं वारं गेलं आन ती गेली. आजारी मानसाचं आसंच आसतं, मी रडले आन कामाला लागले.

वरीस झाल्यावर लतानं रंगीत टीव्ही ठरवला, जुना दिऊन नवा घ्यायचा. दुकानाचा मानूस टेम्पो घिऊन आला, लावून बघितलं आन म्हनला, बाबा, ट्यूबवर डाग हाय, ह्याचं कायच येनार न्हाई. दाजी म्हनले, "मग ऱ्हाऊ द्या. द्यायचाच न्हाई." त्याला च्या पाजला आन रिकामा वाटंला लावला.

आता दुपारी मी कामाला जात न्हाई, गुडघे गेले. वट्ट्यावर गहू निवडत बसते. आत दाजी अँटेनाची वायर काढून टीव्ही लावत्यात. नुसता पांढरा पडदा खरखरतो. त्यात त्या विटा लई साफ दिसत्यात, वळीनं. डाव्या कोपऱ्यात तेवढी भिंत न्हाई, मोकळं हाय. तिथल्या विटा ती रोज पयल्यांदा फोडायची.