शेवंतीच्या मापाचे चौकोन

मला गावातून काढलं ते उजाडायच्या आत. काढलं असं कोणी म्हटलं नाही, तो शब्द माझा आहे. बाबांनी दमणीला बैल जुंपले तेव्हा आमच्या आळीतली एकही चूल पेटली नव्हती. कामाला निघालेल्या माणसाच्या सामोर विधवा आली तर त्याचं काम फसतं, असं आमच्याकडे मानत, म्हणून लोक उठायच्या आधी मला गाडीत बसवलं. मायनं पाठीवरून हात फिरवला. "पदर नीट घे डोक्यावर," म्हणाली, "आन् शिकून घे वं बाई." एवढं बोलून ती आत गेली.

तुम्ही गावात राहिलेल्या बाया, तुमच्यापैकी कितीतरी जणी मला विचारता की अनसू, तुले एवढं लांब जायची काय गरज होती. आणि माझ्यासारख्या ज्या निघून आल्या त्या कोणी विचारत नाहीत. तुम्हा दोन्हींसाठी म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आमचं गाव हिंगणघाटच्या पलीकडे. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा तापात गेला आणि बाबांनी मला माहेरी आणलं. आमच्यात विधवेचा पाट लागतो. बाबांनी एक बिजवर शोधलाही, चार लेकरांचा बाप. मी नाही म्हटलं. मी पहिल्यापासून हट्टी, एकदा नाही म्हटलं की बैल ओढून थकेल पण मी हलणार नाही. मग या पोरीचं करायचं काय, असा प्रश्न घरात सुरू झाला. तो माझ्या सामोर कोणी बोलत नसे, पण मी पाणी घेऊन आत गेले की सगळे गप्प होत. शेवटी गावच्या शाळेतल्या मास्तरणीने तोड काढली. पोरगी शिकलेली आहे, नागपूरला नॉर्मल स्कूलमध्ये घाला, मास्तरीण होऊन पोट भरेल. बाबांना ते पटलं.

गाडी वेशीपाशी आली तेव्हा शेवंती मागून धावत आली. माझी धाकटी बहीण. परकर सावरत, धापा टाकत तिने माझ्या हातात एक विणलेला चौकोन कोंबला.

"हा नमुना ठेव ताई. अर्धे तुहे, अर्धे माहे. म्या मायले सांगून ठेवलं आहे."

क्रोशाचं काम आम्हाला त्याच मास्तरणीने शिकवलं होतं. पांढऱ्या दोऱ्याचा चौकोन, मधोमध चार पाकळ्यांचं फूल, भोवती खांबांच्या, म्हणजे उभ्या टाक्यांच्या, ओळी. असे पुष्कळ चौकोन जोडायचे आणि मोठा पलंगपोस करायचा. शेवंतीच्या लग्नात तो रुखवतात मांडायचा, सगळ्या व्याह्यांच्या डोळ्यांसामोर, असं आम्ही दोघींनी ठरवलं होतं. विधवेने लग्नात मिरवायचं नसतं हे मला ठाऊक होतं. पण माझ्या हातचं काम तरी मांडवात असेल, एवढी आशा मी धरली. आजही मला ती फार मोठी आशा वाटत नाही.

नागपूरला बोर्डिंगात सगळंच परकं होतं. बायका निम्म्या हिंदीत बोलायच्या, टांगेवाला "किधर जाना बाई" विचारायचा आणि मी घाबरून मराठीत उत्तर द्यायची. सकाळी मिलचा भोंगा झाला की उठायचं, हजेरी, धडे, पाढे, पुन्हा हजेरी. दिवस कसाही जायचा. रविवार मात्र जायचा नाही. रविवारी दुपारी इतर मुलींचे भाऊ, काका भेटायला यायचे. कोणाच्या डब्यात चिवडा, कोणाला नवं लुगडं. मी व्हरांड्याच्या टोकाला खांबाला टेकून विणत बसायची. हातात काम असलं की कोणी कीव करत नाही.

माझे मामा आमच्याच गावात कापडाचं दुकान चालवायचे, आणि माल घ्यायला अधूनमधून नागपूरच्या इतवारी बाजारात यायचे. घरचं माणूस म्हणून तेवढे एकच. पहिल्या पावसाळ्यात विणलेले चौकोन मी त्यांच्यासोबत पाठवले. पुढच्या खेपेला ते परत घेऊन आले.

"तुही माय म्हणते, मापात बसत नाई."

मी शेवंतीचा नमुना काढला आणि माझा चौकोन त्यावर ठेवला. खरंच होतं. चारी बाजूंनी बोटभर कमी. मला हसूच आलं, कारण चूक अगदी खुळ्यासारखी होती. दोऱ्याला नंबर असतो हे मला माहीत नव्हतं. गावात मामा जो दोरा आणतील तो एकच. इथे सीताबर्डीच्या दुकानातून मी पांढरा म्हणून जो मागितला तो बारीक निघाला. टाके तेवढेच, ओळी तेवढ्याच, आणि चौकोन लहान. मामांकडून मी इतवारीतला तोच जाड दोरा आणवला आणि पहिल्यापासून बसले.

तरी चौकोन लहानच यायला लागले. आता बोटभर नाही, पण अर्धं बोट. आणि एकसारखेही नाहीत. सोमवारचा एक, रविवारचा वेगळा. रविवारचा सगळ्यांत लहान, आणि इतका ताठ की टेबलावर उभा राहील. मी उसवायची, पुन्हा विणायची. दोरा मळून करडा व्हायचा. माझ्या खोलीत यमुना म्हणून एक मुलगी होती, सौंसरकडची, भारी तोंडाळ. ती किती दिवस हे बघत होती कोण जाणे. एके दिवशी तिने माझ्या हातातून काम ओढून घेतलं.

"गळा दाबून राहिली का दोऱ्याचा? केवढा आवळते वं!"

मी म्हटलं, माझा हातच असा झाला आहे, काय करू.

"मंग हाताले काहून दोष देते? सुई बदल. जाड सुई घे."

इतकी साधी गोष्ट. पण गावात आमच्या दोघींच्यात एकच सुई होती, सुई बदलता येते हे डोक्यात येणार कुठून? मी आणि यमुना चालत सदरला गेलो. तिथे साहेबांच्या मडमांसाठी क्रोशाच्या सुया ठेवणारं एक दुकान होतं. दुकानदाराने आम्हा दोघींना असं पाहिलं, जणू आम्ही चोरायला आलो आहोत. यमुनेने त्याच्याशी हिंदीत हुज्जत घालून तीन सुया काढायला लावल्या, आणि मी दुकानातच उभी राहून एकेका सुईने चार-चार खांब घालून बघितले. मधली सुई जमली.

तरीही लगेच बरोबर आलं असं नाही. कोपऱ्यात साखळ्या जास्त पडल्या की चौकोन फुगायचा, कमी पडल्या की कोपरे वर वळायचे. शेवटच्या ओळीत मी पूर्ण खांबाऐवजी मुका खांब, म्हणजे आखूड टाका, घालून पाहिला, तेव्हा कड सरळ झाली. मग विणून झाल्यावर धुवायचं, तांदळाच्या पेजेत बुडवायचं, आणि गादीवर नमुना ठेवून त्याच्या मापाने ओढून टाचण्या लावायच्या. वाळला की उचलायचा. वॉर्डनबाई खोलीत आल्या आणि माझ्या गादीवर टाचण्या बघून म्हणाल्या, झोपतेस कुठे? मी म्हटलं, खाली. खरंच मी त्या थंडीत चटईवर झोपायची.

त्या थंडीइतकी एकटी मी आधी कधी नव्हते. तरी एखादा चौकोन शेवंतीच्या चौकोनावर ठेवला आणि कडेला कड मिळाली की वाटायचं, आज घरी जेवून आले. यमुनेला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, तू पागल आहेस. असेन.

शेवंतीचं लग्न वैशाखात ठरलं. फाल्गुनात माझे सगळे चौकोन झाले. एकेक नमुन्यावर ठेवून पाहिला, दोनदा पाहिला. मग कोऱ्या मांजरपाटात ठेवून मी त्या बोचक्याचं तोंड लाल दोऱ्याने शिवून टाकलं, उलटी टीप घालून, धूळ जाऊ नये म्हणून. मामांच्या हातात देताना मी म्हटलं, मामा, आता बसतील. मामा म्हणाले, बसतील ना, काहून नाई बसणार.

लग्नाआधी पंधरा दिवस मामा पुन्हा आले. बोर्डिंगच्या फाटकाशी झाडाखाली उभे होते, काखेत माझं बोचकं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"माय म्हणते, नाई बसत मापात. म्हणते, तुले तिथंच कामी येईल." मग बोचकं माझ्या हातात देत, "आन् तू परीक्षेचं पाहा. लग्नाची धावपळ नको करू."

मी त्यांना चहा घ्या म्हटलं. त्यांना गाडी गाठायची होती. मी खोलीत आले, कुठे चुकलं ते बघावं म्हणून कात्री घेतली, आणि बोचक्याच्या तोंडावर माझी लाल टीप दिसली. सबंध. एकही टाका तुटलेला नव्हता, दुसऱ्या कोणी घातलेला नव्हता. बोचकं उघडलंच नव्हतं. न बघताच मापात बसत नाही म्हणून परत पाठवलं होतं.

मला रडू आलं नाही. राग आला, आणि रागाच्या खाली यमुना खोलीत असूनही एकटं वाटलं. माप, सुई, पेज, टाचण्या, सगळं मी करत बसले होते, आणि तिकडे त्याचा काही संबंधच नव्हता. लग्नाला मी गेले नाही.

पुढे मास्तरीण झाले. जुन्या शुक्रवारीत एक खोली घेतली. ते चौकोन मी जोडले, कमी पडले तेवढे आणखी विणले आणि माझ्याच खाटेवर घातले. बाबा वारले तेव्हा मी गावी गेले होते. तेराव्याला शेवंती भेटली, कडेवर मूल. ती म्हणाली, ताई, तुले टाइमच नाई भेटला ना गं विणाले, माय म्हणे नागपुरात लई अभ्यास असते. मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार? मायचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि माय तिथेच भिंतीला टेकून बसली होती.

लढाई सुरू झाली, बाजारातून चांगला दोरा दिसेनासा झाला, आणि माझं विणणं सुटलं. त्याच दिवसांत मायच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. मामांनी तिला नागपूरला मोठ्या दवाखान्यात आणलं. डोळ्यांचं झाल्यावर पट्टी सुटेपर्यंत ती माझ्याकडे राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या घरात आली, आणि आली तीही डोळे बांधलेली.

तिला माझ्या खाटेवर निजवलं होतं. मी शाळेतून आले तेव्हा ती पलंगपोसावरून हात फिरवत होती. एकेक चौकोन चाचपायची, वीत लावायची, पुढचा धरायची. मी भात उतरवून ठेवला तरी तिचं चाललेलंच.

"हे शेवंतीच्या मापाचे आहेत," ती म्हणाली.

"हो."

"तूनं पाठवले होते तेच?"

"तेच." मायशी बोलताना माझी शाळेतली भाषा कुठल्या कुठे जाते. "मले माहीत आहे माय. तूनं बोचकं उसवलं नोतं."

तिने वीत लावायची थांबवली. मग म्हणाली, "उसवलं असतं तर बसले असते ना. मंग काय म्हणून ठेवले असते बाजूले? मांडवातल्या बायाईले काय सांगतलं असतं? मले भेव वाटलं वं. एका पोरीचं कपाळ गेलं होतं. दुसरीच्या मांडवात म्या काहीच येऊ देणार नोती. तुह्या हातचंबी नाई."

या दिवसासाठी मी वर्षानुवर्षं उत्तरं तयार करून ठेवली होती. चांगली झणझणीत होती. मी भात कालवला आणि तिला भरवला. पट्टी सुटेपर्यंत रडू नको म्हणून डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, म्हणून मी तिला म्हटलं, रडू नको. ती म्हणाली, तूबी नको.

पट्टी सुटली तेव्हा घरी येऊन तिने तो पलंगपोस पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. मामा गाडीची वेळ झाली म्हणून दारात टांगा घेऊन उभे होते. मायनं पलंगपोसाची घडी घातली आणि छातीशी धरून म्हणाली,

"हा मले दे. घरी नेतो. तठी मांडतो, सगळ्याईले दाखवतो."

मी तिच्या हातातून तो घेतला, घडी मोडली आणि पुन्हा खाटेवर अंथरला. म्हटलं, माय, पाहायचा असंल तर इथी येत जा. तिने मान हलवली आणि टांग्यात जाऊन बसली.

ती पुन्हा आली नाही. तुम्ही विचारता, तुझं घर कुठलं, गावचं की नागपूरचं. माझ्या हातचं अंथरायला जिथे मला कोणाला विचारावं लागत नाही, ते माझं घर. संध्याकाळी कुलूप काढून मी आत येते, खाटेवर बसते, चौकोनांच्या कडा सरळ करते. त्यावर बसायला दुसरं कोणी येत नाही, म्हणून त्या फारशा सरकलेल्याही नसतात.