ताईचे दीर आणि नसलेली विहीर

आमच्या ताईच्या दिरांनी कुठल्याही प्रश्नाला आयुष्यात एकदा तरी सरळ उत्तर दिलं असेल, तर ते मी नाशिकबाहेर असताना दिलं असावं. ‘भाजी काय आणलीत?’ असं ताईनं विचारलं, की भाजीवालीच्या डोक्यावर पाटी कुणी चढवली तिथून ते निघायचे. लग्नाच्या पंगतीत एखाद्या अनोळखी माणसाकडे बघून माझ्या कानात सांगायचे, “हा मुलीकडचाही नाही आणि मुलाकडचाही नाही. आता याला कुणी हटकलं, तर हा काय करील?” आणि समोर उभ्या वाढप्याला विसरून माझ्या उत्तराची वाट बघायचे. एकदा असा गृहस्थ नवरीचा सख्खा मामा निघाला. “हरकत नाही,” ते म्हणाले, “माझ्या गोष्टीतला जास्त चांगला होता.” ताई त्यांना भाऊजी म्हणायची, म्हणून आम्हा सगळ्यांचेच ते भाऊजी. वय पस्तिशीचं, लग्नाचं नाव नाही, सरकारी कचेरीत नकाशे काढायची नोकरी आणि मुक्काम इंदिरानगरला भाऊ-भावजयीकडे.

ऐंशी सालानंतर कधीतरी, बोटीवर नोकरी करणाऱ्या एका मित्रानं त्यांना परदेशातून एक खेळ आणून दिला. खोक्यात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि चित्रविचित्र फासे. त्यातला वीस बाजूंचा फासा ताईच्या सासूबाईंनी हातात फिरवून बघितला आणि विचारलं, “एवढ्या बाजू असल्यावर हा थांबणार कधी?” पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतला एकेक माणूस व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. ते साधलं की फसलं, हे फासा ठरवणार. रविवारी दुपारी जेवणं उरकली की आम्ही तिघं ताईच्या पुढच्या खोलीत हजर व्हायचो: मी, शाळेत गणित शिकवणारे मास्तर आणि एसटीत कंडक्टर असलेले सिन्नरचे पगारे.

मास्तर फासा टाकायचे, बेरीज करायचे आणि जाहीर करायचे, “राक्षस मेला. पुढचा.” भाऊजी कळवळायचे. “अहो, पण कसा मेला? मरताना काय म्हणाला? त्याला घरी कुणी आहे की नाही?” “पुस्तकात विचारलेलं नाही,” मास्तर म्हणायचे. पुस्तकातल्या परदेशी गुहांमुळे आमचं मन लागत नसावं, असं भाऊजींच्या डोक्यात आलं आणि त्यांनी गोष्ट त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला आणली. तिथं तर सगळंच मुसळ केरात गेलं. “डोंगराखाली एक ओसाड गाव लागतं,” भाऊजी आवाज खाली आणून म्हणाले, “गावाबाहेर एक विहीर...”

“नाय हो भाऊजी,” पगारे म्हणाले. “त्या रोडला चार वर्षं ड्युटी केलीय म्या. तिथं गावबी नाय अन् विहीरबी नाय. इनंती थांबासुद्धा नाय.”

“गोष्टीत आहे ना!”

“गोष्टीत असंल. पर गाडी थांबायची नाय.”

यावर दीड तास गेला. पुढच्या रविवारी भाऊजी त्या गावाचा स्वतः काढलेला सुबक नकाशा घेऊन आले. मास्तरांनी खिशातून पट्टी काढून आधी त्याचं प्रमाण तपासलं आणि ते चुकल्याचं सांगितलं.

अशातच भाऊजींची चंद्रपूरला बदली झाली. हातात एकच रविवार उरला. खरं सांगायचं तर मास्तर आणि मी मनातून पुन्हा रमीचा डाव मांडायला मोकळे झालो होतो. ते त्यांनी ओळखलं असावं. “मी गेलो की हे बंद पडणार,” ते म्हणाले. “एकाला तरी गोष्ट पुढं नेता येऊ द्या. तिथं काय आहे, हे मी विचारतच नाही हो. काय असावं, ते सांगा.” त्यांचा आवाज इतका पडलेला मी कधी ऐकला नव्हता, आणि मला माझीच लाज वाटली.

त्या रविवारी त्यांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. “पगारे, तेच गाव. तुम्ही गाडीत आहात. बोला.”

“गाडी थांबत नाय तिथं,” पगारे सवयीनं म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, “आज म्या घंटी मारली. उतरलो. विहीर हाय. कोरडी हाय. काठावर एक म्हातारी बसलीय. रोज गाडीला हात करती, अन् रोज आमी पुढं जातो. म्या इचारलं, आजी, कुठं जायचं? ती म्हणली, कुठं नाय बाबा. कुणी उतरतं का, ते बघती.”

मास्तरांच्या हातातला फासा निसटून कॉटखाली गेला. तो शोधायला कुणी उठलं नाही.

“हे खरंच घडलं होतं?” मास्तरांनी हळूच विचारलं.

“म्हातारी खरी,” पगारे म्हणाले. “उतरलो नव्हतो.”

भाऊजी मांडी मोडून पुढं सरकले होते. एरवी दुसऱ्याचं वाक्य पुरं न होऊ देणारा हा माणूस, पण त्यांच्या तोंडून एवढंच आलं, “मग?”

पगारे सांगत राहिले. चहा दोनदा निवला.

भाऊजींनी जाताना खोकं पगाऱ्यांच्या हवाली केलं. पुढं कितीतरी वर्षं रविवार चालू राहिले आणि गोष्ट पगारेच सांगत राहिले. चंद्रपूरहून भाऊजींची पत्रं यायची. स्वतःविषयी त्यांत अक्षर नसायचं. म्हातारीचं पुढं काय झालं, एवढीच विचारणा. मी जमेल तसं लिहून कळवायचो. पण पगारे सांगताना मधेच थांबायचे, त्या जागा काही पत्रात उतरवता यायच्या नाहीत. पाकीट चिकटवताना फार वाटायचं, ऐकायला हा माणूस इथं हवा होता.