शाहीनची चाळीस लेव्हलची तलवार

मंडळी, आज दुपारी जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवेना.

गंगापूर रोडच्या घरी बसून मी एका जुन्या गेमसाठी मॉड बनवलाय, म्हणजे गेममध्ये माझी थोडी भर. त्यात खेळाडूची लेव्हल वाढली की सुरुवातीची साधी तलवारही वाढते, टाकून द्यावी लागत नाही. काल अपडेट टाकलं आणि आज हा मॉड खेळणाऱ्या मालेगावच्या शाहीनचा मेसेज आला.

"ताई, माझी तलवार चाळीसवरून परत एकवर आली. आठ महिने तीच वापरतेय."

मी ओशाळले. माफी मागून लिहिलं, मला हे झेपत नाहीये, मॉड बंदच करते.

लगेच तिचा फोन आला. "बंद नका करू ताई. मी फाइल उघडून बघितली. लेव्हल सेव्ह होते, पण गेम सुरू होताना तुमचा कोड ती वाचतच नाही."

शाहीन बी.कॉम.ला आहे. कोडिंग तिला कोणी शिकवलेलं नाही, माझाच मॉड वाचत वाचत शिकली. फोनवर बोलता बोलता आम्ही कोडमधली ती ओळ दुरुस्त केली आणि तिची तलवार चाळीसवर आली.

पुढच्या अपडेटवर माझ्या नावाशेजारी तिचंही नाव असेल. तुमची चूक कोणी इतक्या आपुलकीने दाखवलीय का कधी?